आमचे कागद पुण्याला का द्यायचे?

पायथ्याला राहणारा (सातारा)
परवा एका ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं: "घरातले मोडी रुमाल (कापडात बांधलेले मोडी लिपीतले कागद), आजोबांची लष्करी कागदपत्रं, पदकं पुण्याला देऊन टाका. इथे वाळवी खाणार. सातारकरांना कागद सांभाळायची अक्कल कधी होती?" खाली अंगठेच अंगठे. तिथे बोलायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहितोय.

अक्कल नव्हती? इतिहास संशोधक रावबहादूर पारसनिसांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदांसाठी आणि चित्रांसाठी १९२५ साली साताऱ्यातच संग्रहालय उभं राहिलं. १९३९ ला तो संग्रह पुण्यात डेक्कन कॉलेजात गेला. तिथे संशोधकांच्या उपयोगी पडला, हे मान्य. पण तेव्हापासून आमच्या किती पोरांनी शाहू छत्रपतींच्या काळातलं अस्सल पत्र डोळ्यांनी पाहिलं? इतिहासाचार्य राजवाड्यांना पानिपतच्या वेळचे कागद वाईत मिळाले, त्यातून १८९८ ला 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. म्हणजे कागद इथले, आणि ते बघायचे तर आम्ही पुण्याची एसटी धरायची.

स्कॅन कुठेही जाऊ द्या, अस्सल कागद जिल्ह्यात राहिला पाहिजे. अपशिंगे नावाची गावं एकाहून जास्त आहेत. त्यातलं फौजींचं कुठलं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाहेरचा यादी करणारा तिथेच चुकतो, आणि एकदा यादीत चुकलं की तो कागद सापडेनासाच होतो.

कृष्णाकाठ (सांगली)
साफ असहमत. ऑगस्ट २०१९ आठवतोय का? आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. आमच्या गावभागातल्या घरात माळ्याखालच्या ट्रंकेत पणजोबांची संस्थानातल्या नोकरीची पत्रं होती. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर आत चिखलाची वीट. वरचा कागद सोडवायला गेलो तर शाई बोटाला आली आणि कागद कोरा राहिला. आईनं ते सगळं अंगणात वाळत घातलं, दोन दिवसांत बुरशी. अस्सल जिल्ह्यातच पाहिजे म्हणणाऱ्यांनी तो वास एकदा घ्यावा. पुण्याला दिली असती तर आज वाचता आली असती.

पायथ्याला राहणारा
वाईट झालं, दादा, मनापासून सांगतो. पण पुणे म्हणजे तिजोरी हे कुणी ठरवलं? १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाणी पुण्यातच शिरलं. आणि जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेत काय झालं?

कृष्णाकाठ
भांडारकर मध्ये आणू नका. ती माणसांनी केलेली मोडतोड होती, हवापाण्याचा प्रश्न नव्हता. मुद्दा सुटला की माणूस २००४ वर येतो.

पायथ्याला राहणारा
कागद माणसांनी फाडला काय आणि पाण्यानं नेला काय, गेला तो गेलाच. एकाच गावात सगळं कोंबायचं नाही, हाच माझा मुद्दा आहे.

फौजीचा नातू
तुमचं पेशवाई आणि पानिपत चालू द्या. आमच्याकडे बघतंय कोण? अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, गावात स्तंभ आहे. मराठा पलटणी इराकात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक केलं, त्यावर गोऱ्या साहेबांची नावं कोरली आणि आपल्या शिपायांचे नुसते आकडे. मग नावं राहिली कुठे? घरातल्या कागदात.

आमच्या आजोबांचं डिस्चार्ज बुक चुलत्यांनी हौसेनं लॅमिनेट करून आणलं. पुस्तक उघडून, पसरून, दोन्हीकडून प्लॅस्टिक. बदल्या आणि पदकं लिहिलेलं पान आत दुमडून राहिलं, ते आता कायमचं बंद. शाईही तपकिरी पडत चालली आहे. चुलत्यांना दोष देत नाही, त्यांना सांगणारं कोण होतं?

पंजाबच्या ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या, त्या २०२१ पासून ऑनलाइन यायला लागल्या. तशी गाववार वही आमच्या जिल्ह्याची करा. ती पुण्यात ठेवा, नाहीतर दिल्लीत, मला फरक पडत नाही.

मोडी शिकवते
नातू दादा, ते प्लॅस्टिक सोलू नका, शाई त्याच्याबरोबर येईल. आहे तसे उन्हाशिवाय उजेडात फोटो काढा.

बाकी सगळ्यांना एक विचारते. हे कागद वाचणार कोण? २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि एकाएकी सगळ्यांना मोडीवाले आठवले. कोतवाल बुकं, जन्म-मृत्यूचे नमुने, शाळांची जनरल रजिस्टरं, ढीगच्या ढीग. एका ठिकाणी मी पाहिलं, कोतवाल बुकातल्या एका नावाभोवती बॉलपेननं गोल केलेला, आणि पुढचं पान पट्टी लावून फाडून नेलेलं. एका घराला कुणबी दाखला मिळाला असेल, पण त्या पानावरची बाकीची घरं गेली.

कोरेगावकर
आणि तुम्ही मोडीवाले पानामागे किती घेता तेही सांगा की. आमच्याकडून एका ओळीच्या लिप्यंतराचे इतके मागितले की तेवढ्यात बियाणं आलं असतं. गरिबाच्या पोराच्या फीचा प्रश्न आहे, ताई.

मोडी शिकवते
डोळ्यांवर ताण देऊन, शब्द न तोडता लिहिलेली ओळ लावायची, खाली सही करायची, चुकलं तर जबाबदारी आपली. हे फुकट का? वकिलाला असं विचारता का कधी?

कोरेगावकर
वकिलालाही विचारतो. आणि म्हणूनच घरचा कागद कुणी कुठे देणार नाही. उद्या दाखल्याला अस्सल मागितला तर पुण्याला जाऊन रांगेत उभं राहू का?

कृष्णाकाठ
धाग्याचा विषय काय आणि चाललंय काय! आरक्षणाचा वाद दुसरीकडे घाला.

कोरेगावकर
दुसरीकडे कशाला? तुमच्या पणजोबांची पत्रं तेवढी इतिहास आणि माझ्या पणजोबाचं रजिस्टर तेवढं आरक्षण, असं कसं?

कॉलेज रोड (सांगली)
कोरेगावकरांच्या बाजूनं एक. मी ज्या कॉलेजात होतो तिथे खोली रिकामी करायची म्हणून जुनी प्रवेश रजिस्टरं टेम्पोत घालून रद्दीला गेली. शिवाजी विद्यापीठ झालं १९६२ ला. त्याआधी इथली कॉलेजं पुण्याला जोडलेली, त्याच्याही आधी मुंबईला. त्या काळात कुठल्या गावातून, कुठल्या घरातून पोरं शिकायला आली, हे त्या रजिस्टरांत होतं. त्यासाठी ना कुणी मोर्चा काढला ना धागा.

पायथ्याला राहणारा
हे वाचून संताप आला. कर्मवीर अण्णांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. अशा पोरांचा इतिहास पोवाड्यात सापडत नाही, हजेरीपटात सापडतो. कोरेगावकर, तुमचं रजिस्टर हाच इतिहास. दाखल्याला अस्सल लागतो, म्हणून तर तो हाताशी, जिल्ह्यात पाहिजे.

कृष्णाकाठ
बरं. इतिहासकार खरेशास्त्र्यांनी मिरजेतच शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांचं दप्तर वाचून खंड काढले, एवढं मलाही माहीत आहे. तुमचं जिल्ह्याचं दप्तर मान्य करतो, पण माझ्या अटीवर. आधी प्रत्येक पानाचा स्कॅन, त्याची एक प्रत जिल्ह्याबाहेर, आणि इमारत पूररेषेच्या वर. नदीकाठी बांधणार असाल तर माझा एक कागद मिळणार नाही.

फौजीचा नातू
मला चालेल. गावातून किती डिस्चार्ज बुकं निघतात ते बघतो. लॅमिनेट करू नका, हे ग्रामसभेत सांगायला लावतो.

मोडी शिकवते
सगळ्यांनी इमारतच बांधली. वाचणाऱ्याला मानधन कोण देणार, यावर अजून एकानंही लिहिलेलं नाही.

कोरेगावकर
दर कागदावर लिहून भिंतीला लावा, मग बोलू.