मदत हवी आहे : कोची बंदरावरील थांब्यात शहर स्वतः कसे पाहावे?

सप्रेम नमस्कार. आम्ही नागपूरहून मुंबईला येऊन क्रूझने निघणार असून, जहाज शनिवारी सकाळी कोचीच्या विलिंग्डन बेटावर लागून संध्याकाळी सुटेल. सोबत आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे जहाजाची सामूहिक सहल टाळून आपल्या गतीने फिरावे, असे वाटते. शनिवारी १५६८ सालचे ‘परदेशी सिनेगॉग’ (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) बंद असते, याची हळहळ आहे. तरी मट्टनचेरी राजवाड्यातील रामायणाची भित्तिचित्रे आणि १५२४ मध्ये वास्को द गामाला जिथे पुरले होते ते फोर्ट कोचीतील सेंट फ्रान्सिस चर्च आईंना निवांत दाखवायचे आहे. त्यासाठी दिवसभराची रिक्षा ठरवावी की फेरीबोट सोयीची? आधी मट्टनचेरी करावे की फोर्ट कोची? परतीला किती वेळ राखावा? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.