बारावी तोंडावर आली आहे आणि मुलगा पेपरला बसायलाच तयार नाही – मदत हवी आहे

नमस्कार. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. आम्ही सांगलीला असतो. मुलगा यंदा बारावी सायन्सला. २१ फेब्रुवारी २०२३ पासून बोर्डाची परीक्षा आहे. गेल्या आठवड्यात पूर्वपरीक्षेत फिजिक्सच्या पेपराला अर्ध्या तासात उठून बाहेर आला. हात थरथरत होते, शर्ट घामाने भिजलेला. पुढचे पेपर दिलेच नाहीत. रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही.

मग बसून हिशेब मांडला आणि धसकाच बसला. २०२० च्या मार्चमध्ये तो नववीत होता, दुसऱ्या सत्राची परीक्षा रद्द झाली. दहावीचं अख्खं वर्ष मोबाइलवर गेलं आणि २०२१ ला बोर्डाची परीक्षाही रद्द. अकरावीची सीईटी हायकोर्टाने रद्द केली. अकरावीत अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी, परीक्षा आपल्याच वर्गात. यंदाची सहामाही त्याने ताप आला म्हणून बुडवली, तेव्हा आम्हाला काही खटकलं नाही. म्हणजे नववीच्या सहामाहीनंतर भरल्या हॉलमध्ये तीन तास बसून पेपर लिहायची वेळ त्याच्यावर आलीच नव्हती.

१६ जुलै २०२१ ला निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. याला ९१. मी पेढे आणले. घरी आलेले पाहुणे म्हणाले, "यंदा काय, सगळेच पास. कोरोना बॅच!" तो पेढा न घेताच आत गेला. परवा म्हणाला, "आई, ते मार्क माझे नाहीतच. आता सगळ्यांना कळेल."

आणखी एक सांगायचं आहे, ते मलाच उशिरा लक्षात आलं. त्याच वर्षी, २०२१ च्या एप्रिलमध्ये, माझे सासरे गेले. याचं गणित तेच घ्यायचे. दवाखान्यात नेताना गाडीत बसलेले पाहिले, ते शेवटचे. नंतर आम्हाला दिवससुद्धा नीट करता आले नाहीत. याला तर कोणी काही विचारलंच नाही. परीक्षा नाही, घरी निवांत आहे, असंच धरून चाललो.

ह्यांचं म्हणणं, धरून बसवलं की भीती जाते. मला वाटतं, यंदा राहू दे. समुपदेशक गाठावा की मानसोपचारतज्ज्ञ? कुणाच्या घरी असं झालं असेल तर सविस्तर सांगा. "मुलं सावरतात आपोआप" असं कृपया लिहू नका, दोन वर्षं आम्ही तेच म्हणत आलो.

प्रतिसाद:
ताई, मी बरीच वर्षं शाळेत समुपदेशन केलं आहे. तो तुमच्याशी बोलला, ही मोठी गोष्ट आहे. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात, मानसिक त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं असं म्हणणारी १५ ते २४ वयाची मुलं भारतात फक्त ४१ टक्के निघाली. २१ देशांची सरासरी ८३ होती.

यंदा बसायचं की नाही, हे आजच ठरवू नका. आधी १४४१६ लावा. ही टेली-मानस, म्हणजे फोनवर मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारी सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, फुकट आहे, चोवीस तास चालते. घाम, थरथर, पोटदुखी इतकी असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. औषध लागेल की नाही ते तेच सांगतील.

धरून बसवू नका आणि पूर्ण सोडूही नका. घरी घड्याळ लावून वीसच मिनिटं, एकच प्रश्न. जमलं की चाळीस. मग कॉलेजात विनंती करून रिकाम्या वर्गात. छातीत धडधडलं तरी लगेच उठायचं नाही, ती लाट ओसरेपर्यंत पेन खाली ठेवून बसायचं. आजोबांचा विषय मात्र अभ्यासाच्या वेळी काढू नका, त्याला वेगळी संध्याकाळ द्या. कधी जीव नकोसा झाल्याचं बोलला तर एकटा सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार. काल रात्री १४४१६ ला बोललो. आधी मी, मग तो दार लावून बराच वेळ. सोमवारी सिव्हिलला जातोय, हेही येणार आहेत. रिकाम्या वर्गासाठी कॉलेजकडे अर्ज कुणी केला असेल तर त्यात काय लिहिलं होतं, तेवढं सांगाल का?