टेबल सॉ: 2.4 मिमीचं पातळ ब्लेड घ्यावं की 3.2 चं जाड?

घरचा_सुतार (सिडको, नाशिक):
10 इंची टेबल सॉ, 2 एचपी, सिंगल फेज. काम मुख्यतः दीड इंची सागवान उभं चिरायचं, अधूनमधून 18 मिमी प्लाय. सध्या 60 दात्यांचं 3.2 चं ब्लेड आहे. साग चिरताना मोटर दबते, कड काळी पडते. 2.4 चं लावलं तर मोटरला हलकं जाईल का? रिव्हिंग नाईफवर (ब्लेडच्या मागे चीर उघडी ठेवणारी पाती) 2.5 मिमी कोरलंय.

रंधा_पटाशी:
जाडी राहू द्या, आधी दाते बघा. उभं चिरताना लांब तंतूंचा भुसा निघतो, तो 60 दात्यांच्या बारीक खाचांत मावत नाही. दाते कापायचं सोडून घासत बसतात, कड त्यानेच जळते. चिरायला 24 दाती घ्या, 60 दाती प्लायला ठेवा. 24 दाती 3.2 चं असलं तरी 2 एचपी ओढेल, फक्त ढकलायची घाई नको.

अंबडचा_भुसा:
आणि त्या नाईफवर 2.4 चं ब्लेड चढवू नका! चीर 2.4 ची, मागे नाईफ 2.5 ची, लाकूड तिथेच अडकणार. मग लोक वैतागून नाईफच काढून ठेवतात. चीर मिटून ब्लेडला आवळली की फळी उलटी अंगावर येते. नाईफ ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्याच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. 3.2 ही दात्याची रुंदी, त्या ब्लेडचा पत्रा साधारण 2.2 चा, म्हणून तुमची 2.5 त्याला चालते. पातळच हवं तर आधी तुमच्या मशीनला बसणारी 2 मिमीची नाईफ शोधा.

घरचा_सुतार:
पण दर चिरीला 0.8 मिमी साग वाचतो ना?

रंधा_पटाशी:
दहा चिरींना 8 मिमी. लिपिंगच्या (प्लायच्या कडेला लावायच्या) पट्ट्या काढत असाल तर धरा हिशेबात. खुर्चीच्या पायांना कशाला, रंध्याखाली त्याहून जास्त जातं. शिवाय पातळ पत्रा तापला की लचकतो, गाठ आली की काप तिरका जातो.

अंबडचा_भुसा:
खर्च करण्याआधी प्लग काढून एका दात्यावर खूण करा. तोच दाता पुढे आणि मागे आणून फेन्सपर्यंतचं (लाकूड जिला टेकवून सरकवतो ती पट्टी) अंतर मोजा. मागे कमी भरलं तर कुठलंही ब्लेड कड जाळणार. दात्यांवर चीक साचला असेल तर ब्लेड उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडं करा. एक्स्टेन्शनची वायर बारीक असेल तर मोटर दबणारच, 2.5 चौरस मिमीची वापरा. दुकानात जाताना मधल्या भोकाचं माप घेऊन जा, 30 आणि 25.4 मध्ये हमखास घोळ होतो.