वाचन गटात गोष्ट वाचून झाली की लगेच "यातून काय शिकलो?" विचारायचं का?

नगरची_लेक

सगळ्यांना सलाम. जरा मोठं लिहितेय, पण वाचा आणि मत द्या, माझ्या विरोधात असलं तरी द्या.

आमच्या चर्चच्या मंडळीत दोन वर्षं झाली मी एक छोटा वाचन गट चालवतेय. महिन्यातले दोन शनिवार, संध्याकाळी पाचला, संडे स्कूलच्या खोलीत, मुलांच्या बुटक्या बाकांवर आम्ही नऊ जण बसतो, त्यातले सहा साठीच्या पुढचे. फक्त ख्रिस्ती कथा-कादंबऱ्या वाचायच्या असं सुरुवातीलाच ठरवलं, कारण बायबलचा शास्त्राभ्यास बुधवारी असतोच आणि गोष्ट वाचायला आमच्याकडे दुसरी जागाच नाही. सध्या बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' चालू आहे. १८५७ सालचं पुस्तक, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून परीक्षेला नाव पाठ केलेलं, आणि लिहिणारा आपल्यातला, तरी आमच्यापैकी एकानेही ते आधी उघडून बघितलं नव्हतं. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, ठिकठिकाणी विधवांचे हाल ऐकते, आणि पुढे तिच्यावरच ती वेळ येते. दर वेळी पंधरा-सोळा पानांच्या झेरॉक्स काढते आणि आळीपाळीने मोठ्याने वाचतो, कारण जुनी मराठी डोळ्यांनी वाचली तर अडते, कानाने ऐकली तर कळते.

गेल्या वेळी केशवपनाचा भाग आला. वाचून झाल्यावर आमच्यातल्या एक मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, कधी फारशा बोलत नाहीत, त्यांनी झेरॉक्सवर एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते उचलेचनात. मग चष्मा काढला, पदराने पुसला, आणि म्हणाल्या, "माझ्या पणजीला मिशनच्या बायांनी आणलं तेव्हा तिच्या डोक्यावर..." एवढंच. तेवढ्यात तरुण संघाचा एक मुलगा, अतिशय गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही, तो उत्साहाने म्हणाला, "चला, तर आज यातून आपण काय शिकलो, प्रत्येकाने एकेक मुद्दा सांगा!" मावशींनी चष्मा परत लावला आणि आपली पाळी आल्यावर म्हणाल्या, "मुलींना शिकवावं." बस. ते अर्धं वाक्य तिथेच राहिलं.

मला रात्रभर झोप आली नाही. म्हणून माझं आता पक्कं मत झालंय की वाचन गटात तात्पर्याचा प्रश्न निदान पहिला पाऊण तास कोणी काढूच नये. आधी माणसांना गोष्टीत राहू द्या, कोण आवडलं, कोणाचा राग आला, कुठे आपलं घर दिसलं ते बोलू द्या. आमच्या पाळकसाहेबांना मात्र वाटतं की प्रत्येक बैठक बायबलमधलं एक वचन आणि एक बोध घेऊनच संपायला हवी, नाहीतर तो चर्चचा गट कसला. तुम्ही काय म्हणता?

संडेस्कूल_टीचर

ताई, मावशींचं वाचून वाईट वाटलं, पण मी पाळकसाहेबांच्या बाजूने आहे आणि का ते सांगते, कारण आमचे हात पोळलेत.

आमच्याकडे असाच गट होता, कोणी 'बोध' काढायचा नाही, मोकळी चर्चा. मग कोणीतरी 'लेफ्ट बिहाइंड' आणलं, ती १९९५ पासून आलेली अमेरिकन मालिका, सोळा पुस्तकं आहेत, शेवटच्या काळाबद्दल. वाचायला एकदम पकड घेणारी. चार महिन्यांनी बघते तर लोक प्रार्थनेत त्या पुस्तकातले प्रसंग बायबलमध्ये असल्यासारखे सांगायला लागले! एका बाईंनी मला प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, अमुक पात्र कुठल्या अध्यायात आहे म्हणून विचारलं, ते पात्र कादंबरीतलं होतं. त्यांचा दोष नाही, गोष्ट मनात वचनापेक्षा लवकर रुजते, म्हणून तर आपण मुलांना गोष्टी सांगतो. पण मग शेवटी कोणीतरी बायबल उघडून "हे लेखकाचं आहे आणि हे वचनातलं आहे" असं सांगायला नको का? तुम्ही त्याला तात्पर्य म्हणा, मी त्याला राखण म्हणते.

नगरची_लेक

टीचर, तुमचा अनुभव खरा आहे आणि असं झालं तर मलाही भीती वाटेल. पण बघा, तिथे लोकांनी जास्त मोकळं बोलल्यामुळे गडबड झाली की कमी बोलल्यामुळे? "हा लेखक असं का म्हणतोय, मला पटत नाही" असं कोणी म्हटलं असतं तर? तात्पर्य विचारायची सवय लागली की लेखक सांगतो ते सगळं बरोबरच धरून आपण त्यातून धडा काढत बसतो, वाद घालतच नाही.

आणि प्रभू येशूने स्वतः काय केलं? उधळ्या पुत्राची गोष्ट लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात संपतच नाही. थोरला भाऊ बाहेर उभा आहे, बाप त्याला समजावतोय, आणि तो आत गेला की नाही ते सांगितलेलंच नाही. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून झाल्यावर उत्तर दिलं नाही, त्या शास्त्र्यालाच विचारलं की तिघांत शेजारी कोण ठरला. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला श्रीमंताने गरिबाची मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगितली तेव्हा आधी दावीदाला चिडू दिलं, नंतर म्हणाला की तो माणूस तूच. तो राग येण्याआधीच नाथानाने बोध सांगितला असता तर दावीदाने ऐकून घेतलं असतं?

रोखठोक_जालना

ताई उदाहरणं छान आहेत पण अर्धीच दिलीत. पेरणाऱ्याच्या दाखल्याचं काय? मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय ४ वाचा, शिष्यांनी विचारल्यावर प्रभूने बी म्हणजे काय, वाट म्हणजे काय, काटे म्हणजे काय सगळं फोड करून सांगितलं. पुढे स्पष्ट लिहिलंय की शिष्यांना एकांतात सगळ्याचा उलगडा करून सांगत असे. लोकसमुदायाला गोष्ट आणि शिष्यांना अर्थ! तुमचा गट लोकसमुदाय आहे की शिष्य?

दुसरं म्हणजे 'यमुनापर्यटन' हे पुस्तकच बोध करायला लिहिलेलं आहे हो. पात्रं एकमेकांशी बोलतात ती कितीदा प्रवचनासारखी बोलतात. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पुस्तक पुढच्याच वर्षीचं, लेखकाला समाजाला काहीतरी सांगायचंच होतं, शेवटी यमुना ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते, ते उगाच नाही. अशा पुस्तकावर बोध न काढता बोलायचं म्हणजे लेखकाचा मुख्य मुद्दाच बाजूला ठेवायचा. आणि कोणी म्हणेल बोध असला की पुस्तक कोरडं होतं, तर तसंही नाही. जॉन बनियनचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' हे जे पुस्तक हरी केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं, त्यात तर पात्रांची नावंच बोध सांगतात, तरी मूळ पुस्तक १६७८ पासून आजपर्यंत लोक वाचतायत.

वसईचा_वाचक

मी कॅथलिक आहे, आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पण वाचक मंडळ आहे म्हणून मध्ये बोलतो.

फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ चं, दहा हजारांच्या वर ओव्या, आणि ते गोव्यात चर्चमध्ये रविवारी लोकांसमोर मोठ्याने वाचलं जायचं. आम्ही त्यातला थोडा भाग तसाच वाचून बघितला. माझा अनुभव असा की ओवी चालू असताना कोणी अर्थ सांगायला लागलं की लय तुटते आणि मग म्हातारी माणसं परत सूर धरतच नाहीत. पण वाचून झाल्यावर अर्थ सांगितलाच नाही तर तरुणांना अर्धे शब्द कळत नाहीत. म्हणजे दोन्ही पाहिजे, प्रश्न कधी, एवढाच आहे. रोखठोक यांचा मार्क ४ चा मुद्दा मला पटला, पण त्यातच लिहिलंय ना की शिष्यांनी *विचारल्यावर* सांगितलं. मावशींनी विचारलं नव्हतं, त्या तर सांगत होत्या.

पुण्याची_आई

मला सगळ्यांचंच पटत नाहीये, सॉरी. तुम्ही तात्पर्यावर भांडताय पण गटात साठीच्या खालचे फक्त तीन जण आहेत त्याचं काय? माझी मुलगी अकरावीत, मराठी कशीबशी वाचते, तिला १८५७ चं पुस्तक दिलं तर ती परत चर्चच्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नाही. तिला सी. एस. लुईसची नार्नियाची पुस्तकं दिली, सातच्या सात वाचली तिने, आणि स्वतःहून मला विचारलं की त्यातला सिंह मेला तेव्हा गोष्टीतल्या मुलींना माहीत होतं का तो परत येणार म्हणून. मी काही शिकवलं नव्हतं. आपल्याला इंग्रजी पुस्तकांची एवढी भीती का? अमेरिकन मालिकेने एका गटात गोंधळ केला म्हणून सगळंच परदेशी वाईट असं नाही ना.

संडेस्कूल_टीचर

पुण्याची आई, परदेशी वाईट असं मी कुठेच म्हटलं नाही, बायबलपण आपल्याकडे बाहेरूनच आलंय. माझा मुद्दा वेगळा आहे. तुमच्या मुलीला उत्तर द्यायला तुम्ही होतात, तुम्हाला येशूच्या पुनरुत्थानाची गोष्ट माहीत होती. गटात ते काम कोणाचं? ताई म्हणतात पाऊण तास थांबा. ठीक, पाऊण तास थांबू. पण माझ्या अनुभवाने पाऊण तासानंतर चहा येतो, खारी येते, कोणाचा नातू घ्यायला येतो आणि वचनाचा भाग राहूनच जातो. दर वेळी!! शेवटाला ठेवलेली गोष्ट म्हणजे न होणारी गोष्ट, हे चर्चच्या कुठल्याही कमिटीत बसलेल्या माणसाला विचारा.

नगरची_लेक

टीचर हे मात्र शंभर टक्के मान्य, आमच्याकडेही असंच होतं आणि मी ते लिहिलं नाही ही माझी चूक. मग चहा शेवटी न ठेवता मध्ये ठेवला तर? पाच ते पावणेसहा वाचन आणि बोलणं, मग चहा, मग वीस मिनिटं बायबल उघडून. आणि त्यात बोध काय असं न विचारता "आज वाचलेल्यापैकी वचनाशी न जुळणारं काही वाटलं का" असं विचारायचं. तुमची राखण पण होईल.

रोखठोक दादा, पुस्तक बोधासाठी लिहिलंय हे खरं आहे, आणि पात्रं प्रवचन करतात तिथे आमच्या गटात जांभया येतात हेही खरं. पण मावशींचं बोट प्रवचनाच्या ओळीवर नव्हतं हो. ते वस्तऱ्याच्या ओळीवर होतं. पदमनजींनी बोध सांगायला जे लिहिलं ते आपल्याला आता माहीतच आहे, मुलींना शिकवावं, विधवेला जगू द्यावं, कोण नाही म्हणतंय. पण त्यांनी ज्या बायांचं लिहिलं तसल्या बायांची पणतवंडं आज आपल्या मंडळ्यांमध्ये बसलीयेत, आणि आपल्याच घरातल्या या गोष्टी कुठेही लिहिलेल्या नाहीत. पुस्तकामुळे त्या तोंडातून बाहेर येत असतील तर मला तेवढ्यासाठी गट चालवायचा आहे. हा माझा हट्ट समजा.

पुण्याची आई, मुलीला जरूर आणा कधी नगरला आलात तर. इंग्रजी पुस्तक घ्यायला माझी ना नाही, पण आमच्या सहा जणांना इंग्रजी येत नाही, त्यांना बाहेर बसवून गट तरुण करायचा नाही मला.

रोखठोक_जालना

वस्तऱ्याच्या ओळीचं पटलं. तरी माझं मत बदललेलं नाही. आजीची गोष्ट घरी सांगता येते, चर्चचा गट हा वचनासाठी आहे, आणि वीस मिनिटं कमीच आहेत. पण मावशींना परत विचारलंत का ते सांगा.

नगरची_लेक

गुरुवारी गेले होते त्यांच्या घरी, उरलेल्या पानांच्या झेरॉक्स द्यायच्या निमित्ताने. घरी सांगता येते म्हणता ना दादा, त्यांनी घरी कोणालाच सांगितलेलं नाही. सुनेलाही नाही. मी काही विचारलं नाही, पानं दिली, बसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या की पणजी मरेपर्यंत डोक्यावरचा पदर घरातसुद्धा कधी खाली येऊ द्यायची नाही, केस पुरते वाढून पांढरे झाले तरी, आणि लहानपणी या तिला त्यावरून चिडवायच्या. मग म्हणाल्या, "शनिवारी मी वाचते ते पान. पण माझं वाचून झालं की कोणी लगेच बोलू नका."

तरुण संघाच्या त्या मुलाला मी काल फोन केला. त्याला फार वाईट वाटलं, म्हणाला मला कळलंच नाही हो ताई. या शनिवारी चहा मध्ये ठेवायचा, साडेपाच पावणेसहाच्या सुमाराला, आणि तो त्यानेच करायचा असं ठरलंय.