टक्केवारी ठीक, पण कशाची टक्केवारी?

एकांनी लिहिलंय, '2040 पर्यंत समुद्रातलं प्लास्टिक 80 टक्के कमी' एवढं उद्दिष्ट ठरवलं तरी पुरे. मला नाही पटत. 80 टक्के कशाचे? कोणतं वर्ष धरून? संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत 2025 पर्यंत सागरी प्रदूषण 'लक्षणीय' कमी करायचं होतं, आकडाच नव्हता, मग जाब कोण कुणाला विचारणार? 2019 मध्ये ओसाकाला जी-20 देशांनी 2050 पर्यंत समुद्रातल्या प्लास्टिक कचऱ्याची नवी भर शून्यावर आणायचं ठरवलं, तेही ऐच्छिकच.

मोजायचं तर उत्पादन मोजा. कारखान्यातून किती टन निघालं ते कळतं, समुद्रात किती गेलं त्याचा फक्त अंदाज बांधता येतो. मुंबईत वेसाव्याला डोल जाळ्यातले बोंबील निवडताना वेफर्सची फाटकी पाकिटं निघतात, दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे निघतात. तो नखाएवढा कोपरा कुठल्या किनारा सफाईत सापडणार?

ऑगस्ट 2025 मध्ये जागतिक प्लास्टिक करारासाठीची जिनिव्हाची बोलणी मुख्यतः ह्याच, उत्पादनाच्या मुद्द्यावर फिसकटली. तेल उत्पादक देशांना उत्पादनावर मर्यादा नको, सगळा भर कचरा व्यवस्थापनावर हवा. आपल्या सरकारचाही उत्पादनाच्या मर्यादेला विरोध आहे, ह्याचं मला फार वाईट वाटतं.