मदत हवी आहे: कोकोपीटमधल्या मिरचीची पानं पिवळी पडून वळताहेत

सातवा_मजला
कोणीतरी लवकर सांगा. बंद बाल्कनीत ग्रो लाइटखाली मिरचीची सहा रोपं आहेत, कोकोपीटमध्ये. पानं पिवळी पडताहेत आणि वळताहेत. खत वेळेवर आहे, पाणीही चांगलं आहे. नर्सरीवाला म्हणाला खत वाढवा. वाढवलं, तर आणखी बिघडलं. बी भिवापूरचं आहे, आत्याच्या शेतातलं. तिने यंदा मिरची लावलीच नाही, त्यामुळे ही रोपं गेली तर बी संपलं. नेमकं काय कमी आहे आणि काय टाकू, एवढंच सांगा. फोटो जोडलाय.

शेवंती
फोटो लाइट चालू ठेवून काढलाय, सगळं जांभळं दिसतंय. यात पिवळं कुठलं आणि हिरवं कुठलं हे कोणालाच सांगता येणार नाही. लाइट बंद करून खिडकीच्या उजेडात दोन फोटो काढा, एक पानाचा वरून आणि एक पान उलटं करून. पिवळी पानं खालची जुनी आहेत की शेंड्याची कोवळी? वळताहेत म्हणजे कडा वर येताहेत की खाली जाताहेत?

बांधावरून
फोटोची काय गरज? हा चुरडा-मुरडा. आमच्याकडे बोकड्या म्हणतात. पाच टक्के निंबोळी अर्क मारा, आठ दिवसांनी दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क. आणि मिरची मातीत लावा हो. कोको आणि दिवे हा नसता खर्च आहे.

सातवा_मजला
काका, माती भरलेल्या कुंड्यांना सोसायटीने बंदी घातलीये, खाली गळती होते म्हणून. समोर टॉवर उभा राहिल्यापासून ऊनही येत नाही. कोको आणि लाइट हे राहणारच. पानांचं सांगा.

हिशेबनीस
खत कोणतं? किती लिटरला किती ग्रॅम? पाणी नळाचं, बोअरचं की आरओचं? कोकोचा ब्लॉक वापरण्याआधी धुतला होता का? कुंडीखालून पाणी निघतं का, आणि त्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, किती? हे कळल्याशिवाय कोणीही दिलेलं उत्तर अंदाजच.

सातवा_मजला
१९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत, चमचाभर. पाणी आरओचं. ब्लॉक भिजवला, फुगला, भरला. खालून पाणी निघू देत नाही, फरशी खराब होते.

गच्चीवरचा
आरओचं शुद्ध पाणी आहे म्हटल्यावर पाण्याचा प्रश्न मिटला. लाइट फार जवळ असणार. माझ्याकडे टोमॅटोचं तसंच झालं होतं, दिवा वर घेतला आणि सुधारलं.

हिशेबनीस
उलट आहे. मातीत आरओचं पाणी चालून जातं, कारण मातीत चुना, म्हणजे कॅल्शियम, थोडाफार असतोच. कोकोत तो नसतो. नारळाच्या काथ्याचा भुसा तो. त्यात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम भरपूर असतं, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं की ते आधी तोच धरून ठेवतो, झाडाच्या वाट्याला उरलेलं. म्हणून चांगला कोको आधी धुतात, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवतात, पुन्हा धुतात आणि मग भरतात. नुसता पाण्यात फुगवलेला ब्लॉक म्हणजे उपाशी ब्लॉक.

त्यात १९:१९:१९. पाकीट उलटून वाचा, कॅल्शियम शून्य, मॅग्नेशियम शून्य. नत्रही निम्म्याहून जास्त युरियाच्या रूपात. जिवंत मातीत जिवाणू तो पटकन फोडतात, ताज्या कोकोत ते काम सावकाश होतं. वर आरओने पाण्यातला उरलासुरला चुनाही काढून टाकला. म्हणजे तिन्हीकडून त्याच दोन गोष्टी कमी. नर्सरीवाल्याचं ऐकून खत वाढवलंत तेव्हा पोटॅश आणि अमोनिया वाढला, आणि ते दोन्ही कॅल्शियम-मॅग्नेशियमला मुळाशीच अडवतात. बिघडणारच होतं.

उत्तरध्रुव
हिशेबनीस यांच्याशी पूर्ण सहमत. मी टोरांटोत आहे, हिवाळ्यात मिरची घरात, दिव्याच्या तंबूतच होते. कोकोबद्दल खरा तपशील मला इथल्या गांजा वाढवणाऱ्यांकडून मिळाला. २०१८ पासून इथे बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं कायद्याने चालतात, आणि ती मंडळी पानाच्या एकेका डागावर तासन्‌तास बोलतात. त्यांचा नियम सरळ आहे. कोकोत प्रत्येक पाण्याबरोबर पातळ खत द्यायचं, आठवड्यातून एकदा जाड नाही, आणि दर वेळी थोडं पाणी खालून निघालंच पाहिजे. खालून काही निघत नसेल तर क्षार साठतात.

बांधावरून
गांजाचं ऐकून मिरची वाढवायची? मिरचीला पाण्याचा ताण लागतो. वरचा थर सुकला की पाणी, त्याआधी नाही. रोज पाणी म्हणजे मूळकूज.

उत्तरध्रुव
काका, काळ्या मातीत तुमचं शंभर टक्के बरोबर. कोको पाणी धरूनही आत हवा ठेवतो. तो सुकवला की आतले क्षार घट्ट होतात आणि पानांची टोकं जळतात.

कुंडीतलीतुळस
माझ्या कढीपत्त्याचीही पानं पिवळी पडताहेत. ताक घालू का?

गच्चीवरचा
घाला. लोह कमी असतं. आंबट ताक, पातळ करून, पंधरवड्याने. कढीपत्त्याची छाटणीही करा, फुलोरा आला की खुडून टाका.

हिशेबनीस
कढीपत्त्यासाठी वेगळा धागा काढा, कृपया.

सातवा_मजला
नवीन फोटो टाकलेत, लाइट बंद करून. आता बोला.

शेवंती
आता दिसतंय. इथे दोन वेगळे आजार आहेत, म्हणून एका उपायाने भागणार नाही.

पहिला फोटो, खालची जुनी पानं. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. हा मॅग्नेशियमचा चेहरा. मॅग्नेशियम झाडात हलतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला पाठवतं, म्हणून आधी खालचं पान उतरतं. लोह कमी असतं तर हेच चित्र वरच्या कोवळ्या पानांवर दिसलं असतं, कारण लोह हलत नाही. कॅल्शियमही हलत नाही. त्याची कमतरता कोवळ्या पानांवर आणि पुढे फळाच्या टोकाला काळ्या डागाने दिसते.

दुसरा फोटो वेगळा आहे. शेंड्याची पानं अरुंद, कडा खाली वळलेल्या, उपडी होडी ठेवावी तशी, आणि देठ लांबलेले. हा कोळी, म्हणजे पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड. मिरचीत फुलकिडे असले की कडा वर वळतात, कोळी असला की खाली. बोकड्या म्हणून दोन्हींना एकच औषध मारतात आणि तिथेच चुकतं. हा पांढरा कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सराफाकडचं भिंग असतं ना, तसलं दहा पट मोठं करणारं घ्या आणि सगळ्यात कोवळ्या पानाच्या मागची मधली शीर बघा. काचेच्या थेंबासारखे हलणारे ठिपके आणि टिकल्या मारलेली लांबट अंडी दिसली तर खात्री झाली.

बांधावरून
निंबोळीने कोळीही आवरतो. मी पंचवीस वर्षं मारतोय.

शेवंती
काका, शेतात वारा असतो, मित्रकीटक असतात. बंद बाल्कनीत दोन्ही नाहीत, कोळ्याला मोकळं रान. मी आधी शेंडे खुडून पिशवीत बांधून बाहेर टाकेन, मग पाण्यात विरघळणारं गंधक, पाकिटावरच्या प्रमाणात, लाइट बंद झाल्यावर. निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, तेल आणि गंधक एकत्र आले की पानं भाजतात. कडक उकाड्यातही गंधक नको. घरात लहान मूल असेल तर फवारणीच्या दिवशी बाल्कनीचं दार बंद.

बांधावरून
तेलावर गंधक नको, हे मात्र बरोबर बोललात.

सातवा_मजला
निंबोळी अजून मारलेलं नाही. भिंग मागवतो. आणि काल प्रत्येक कुंडीखाली ताट ठेवून पाणी जाऊ दिलं, मोजलं. टीडीएस १४०० आला. जास्त आहे का?

गच्चीवरचा
मीटर कुठल्या मापाचं? काही मीटर एक ईसीला (पाण्याची वीजवाहकता, क्षारांचंच दुसरं माप) ५०० धरतात, काही ७००. १४०० म्हणजे २.८ की २.०, त्यावर ठरेल.

सातवा_मजला
पाठीवर ५०० लिहिलंय.

हिशेबनीस
मग २.८. मिरचीच्या लहान रोपांना जास्तच. आधी धुऊन काढा, पण नुसत्या आरओच्या पाण्याने नाही. लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून, कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी सोडा. दुसऱ्या दिवसापासून लिटरला कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) अर्धा ग्रॅम, १९:१९:१९ अर्धा ग्रॅम. एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटमधून जवळपास १९० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं, तेवढं पुरे. चमच्याने नाही, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याने मोजा. दाट द्रावणं एका बाटलीत मिसळू नका, तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाला मिळत नाही. भरपूर पाण्यात एकेक विरघळवा. शेवटी पीएच ५.८ ते ६.२ दरम्यान आणा.

सातवा_मजला
कृषी सेवा केंद्रात कॅल्शियम नायट्रेटची २५ किलोची गोणीच मिळते म्हणाले. एवढी कुठे ठेवू?

उत्तरध्रुव
ऑनलाइन किलोचं पाकीट मिळतं. हवाबंद डब्यात ठेवा, ते हवेतलं पाणी ओढून चिकट होतं.

कुंडीतलीतुळस
भिवापुरीचं बी नंतर थोडं विकत द्याल का? आमच्याकडे नुसती गुंटूर मिळते, ठेच्याला ती चव येत नाही.

शेवंती
बी धरायचं असेल तर एका झाडाची दोन-तीन फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या, बाकीची तोडा. त्याच्या शेजारी दुसऱ्या जातीची मिरची ठेवू नका, परागीभवन होऊन बी मिसळतं. आणि कोळी दिसला त्या झाडापासून बाकीची पाच आजच लांब सरकवा. दिव्याखाली पानं एकमेकांना टेकली की तो चालत जातो.

सातवा_मजला
सरकवली. दोन रोपांच्या शेंड्यांवर तसंच दिसतंय, चार स्वच्छ वाटताहेत. गंधक सहाही रोपांना मारू की दोघांनाच?

शेवंती
सहाही. दिसत नाही म्हणजे नाही असं कोळ्याच्या बाबतीत धरता येत नाही. पानाच्या मागून मारा.