मदत हवी आहे: सॉफ्ट कोरलसाठी निळा लाईट किती, पांढरा किती?

दादरला घरी दोन फुटी रीफ टँक (प्रवाळांचं, खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) आहे, साधारण 120 लिटर. सगळे सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ: तळाशी मशरूम, मधल्या दगडावर झोअँथिड, वर लेदर. हार्ड कोरल नाहीत, वन्यजीव कायद्याच्या भानगडीत पडायचं नाही.

एलईडी दोन चॅनेलची, पाण्यापासून 20 सेंमीवर, रोज 9 तास. आधी निळा 80, पांढरा 30 टक्के होता. हौसेने पांढरा एकदम 60 केला (घाई नडली!) आणि आठवड्यात झोअँथिड फिकट पडले, मशरूम आक्रसले. मग दहा दिवस फक्त निळा 50 ठेवला. दिसायला झकास, पण आता झोअँथिड माना उंचावून उभे. म्हणजे उजेड कमी पडतोय ना?

पाणी ठीक आहे: खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, नायट्रेट 5, फॉस्फेट 0.05. चिलरमुळे तापमान 26 अंश. खिडकीतून थेट ऊन येत नाही. पार (PAR, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड) मोजायचा मीटर नाही, आणि निळ्या उजेडात मोबाईलचं लक्स अ‍ॅप भरवशाचं नाही. नवा लाईट सध्या परवडणार नाही.

झोअँथिडपाशी 100च्या आसपास पार मिळवायचा तर आधी निळा वाढवू की पांढरा, आणि आठवड्याला किती टक्क्यांनी? दादर-ठाणे पट्ट्यात कुणी एका दिवसासाठी पार मीटर भाड्याने देईल का?